रेघांच्या आतला मामा

माझ्या लग्नाची पत्रिका इंटरनेटला जोडलेली होती. आज हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग काय झालं? काय झालं तेच सांगायला बसलेय. त्या पत्रिकेनं माझ्या आईचा एकुलता एक भाऊ तिच्यापासून तोडला, आणि तेही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तोडला होता तो एका टॉवेलानं. आधी तो टॉवेल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

एक्क्याऐंशी साली माझ्या काकाचं लग्न झालं, टेंभुर्णीला, आमच्याच अंगणात. मी आईच्या कडेवर होते, मला काय आठवणार? पण आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा उगाळली गेली की मला तो मांडव डोळ्यांपुढं दिसतो. आमच्याकडं आहेराच्या वेळी एकेकाचं नाव पुकारून टोपी-टॉवेल देतात. कुणाचं नाव कुणाच्या आधी, कुणाचं कुणाच्या मागं, यावर माणसं जन्मभर रुसून बसतात. माझा मामा वडीगोद्रीहून आल्ता. घरच्या थोरल्या सुनेचा भाऊ, म्हणजे मान पहिल्या दोन-चारांतला. पुकारणाऱ्यानं त्याचं नाव घेतलं सगळ्यांत शेवटी, मांडववाल्याच्याही नंतर. मामा उठला, टॉवेल हातात घेतला, मांडवाच्या खांबाला नीट घडी करून टांगला आणि न जेवता निघून गेला. शिवी नाही, भांडण नाही. टाकून दिला असता तर एक वेळ लोक विसरले असते. त्यानं तो टांगला, आणि येणारा-जाणारा संध्याकाळपर्यंत तो टॉवेल बघत राहिला.

काकाला ते जे लागलं ते लागलं. "माझ्या लग्नाच्या मांडवात माझी इज्जत टांगून गेला," हे त्याचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्यानंतर मामा आमच्या उंबऱ्याला शिवला नाही आणि आईला कुणी वडीगोद्रीला पाठवलं नाही. माझे वडील मऊ स्वभावाचे. भावापुढं त्यांचा आवाज निघायचा नाही. पुढं त्यांनी अंथरूण धरलं आणि घराचा सगळा कारभार काकाच्या हातात गेला.

भाऊबीजेला आमच्या घरी गंमत असायची. म्हणजे मला ती गंमत वाटायची. काकू तिच्या भावाला ओवाळायची, मी दादाला ओवाळायचे, आणि आई ताट घेऊन अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. माझ्या आईचा भाऊ जिवंत होता, एसटीनं निघाला तर दुपारपर्यंत येईल इतक्या अंतरावर होता, आणि ती चंद्राला ओवाळत होती. बीजेची कोर ती केवढीशी, लगेच मावळते, म्हणून तिची घाई चालायची. मी विचारलं की म्हणायची, "चंद्र रुसत न्हाई, बरं का."

दोन हजार सालानंतर माझं लग्न ठरलं. मुलगा जाफराबादकडचा, घर बरं. लग्न ठरल्यावर आईनं आयुष्यात पहिल्यांदा काकाला न विचारता एक गोष्ट केली. वडीगोद्रीला निरोप धाडला, की भाचीचं लग्न आहे, अंतरपाटामागं तिला कोण आणणार? आमच्यात नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. पाठीशी उभं राहायचं ते मामानं. बापाची जागा एक वेळ काका भरून काढतो, मामाची जागा कुणी भरून काढत नाही.

उलटा निरोप आला. "पत्रिकेत नाव येऊ द्या, बराबर मामाच्या जागेवर. मी येतो."

झालं, एवढंच मागणं होतं. कागदावर एक नाव. आई त्या दिवशी चुलीपुढं बसून हसत होती, आपल्याच तंद्रीत. मला तर अंगावर हळद लागायच्या आधीच लग्न झाल्यासारखं वाटलं. मला नवरा कसा आहे याची जेवढी काळजी नव्हती तेवढी मामा येतो की नाही याची होती, हे आज सांगायला काय हरकत आहे.

आता दादाची ओळख करून देते. माझा थोरला भाऊ. जालन्यात त्यानं एका मित्राच्या भागीदारीत इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. प्लायवूडच्या खोल्या, प्रत्येकीला पडदा, आत एकेक संगणक, आणि फोनची लाइन लागताना तो खरखर-किर्र आवाज. लाइट गेली की सगळी गिऱ्हाइकं रस्त्यावर. दादा हुशार होता, हे मी आजही नाकारत नाही. त्याच्या डोक्यात रोज एक नवं खूळ असायचं. औरंगाबादच्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यानं एक मशीन स्वस्तात आणलं होतं. साबणाच्या, बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या उभ्या रेघा असतात ना, त्या वाचायचं मशीन. पिस्तुलासारखं हातात धरायचं, रेघांवर लाल उजेड टाकायचा, टुंग असं वाजायचं.

दादा म्हणाला, "तुझ्या पत्रिकेवर आपण अशा रेघा छापू. रेघांत इंटरनेटचा पत्ता भरलेला असतो. माझ्या दुकानात यायचं, पत्रिकेवर मशीन धरायचं, टुंग! पडद्यावर अख्खं लग्न उघडतं. फोटो, नावं, सनई. जालन्यात कुणी बघितली नसंल अशी पत्रिका."

मी म्हटलं, "पण मामाचं नाव?"

"अगं, मामाच तर त्यात सगळ्यांत वर. ऐक तर खरं."

पत्रिका छापून आली. गुळगुळीत कागद, गणपती, आणि उजव्या कोपऱ्यात त्या रेघा. कागदावर नावं आमच्या भावकीची, काकाचं पहिलं. बाकी सगळे सोयरे रेघांच्या आत. घरात ही हसाहशी! काकूनं पत्रिका उलटी-सुलटी करून विचारलं, "यात नवरीची किंमत लिवलीय का?" शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "आहेर केवढ्याचा करायचा ते लिवलं आसंल, म्हंजी कमी देता येऊ न्हाई." आई मात्र हसली नाही. तिला वाचता यायचं, सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. तिनं सगळी पत्रिका बोटानं वाचून काढली आणि म्हणाली, "माझा भाऊ कुठाय यात?"

"आत हाय, आई," दादा म्हणाला.

"आत कशाला? बाहेर का न्हाई?"

दादानं आम्हा दोघींना दुसऱ्याच दिवशी जालन्याला नेलं. पडदा सारला, आईला खुर्चीवर बसवलं आणि कोपऱ्यावर मशीन धरलं. टुंग वाजलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग वरून खाली हळूहळू, पट्टी-पट्टीनं, एक फोटो उतरत आला. पिंपळगावच्या रेणुकाईच्या जत्रेत काढलेला, आईच्या लहानपणीचा. परकर-पोलक्यातली आई आणि तिचा हात घट्ट धरून उभा मामा, टोपी तिरकी. त्या दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो होता, तो आईनं ट्रंकेच्या तळाशी जपला होता. खाली जाड अक्षरांत मामाचं नाव, "नवरीचे मामा" असं लिहून. बाकीची सगळी नावं त्याच्याही खाली.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिनं हात पुढं केला आणि काचेवरून बोट फिरवलं, मामाच्या तोंडावरून. मग एकदम मागं घेतलं. म्हणाली, "पुसलं तर जाणार न्हाई ना?"

दादा हसला. "आई, कागद फाटतो, भिजतो, उंदीर खातो. हे कधीच पुसलं जात न्हाई."

हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय. परत परत सांगते, माझ्या कानानं ऐकलंय.

मग बायका पत्रिका घेऊन बसल्या. पत्रिका वाटायला निघण्याआधी तिच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, तशी कोरी पत्रिका कुणाच्या हातात देत नाहीत. एक जण पत्रिका उघडून पुढं सरकवते, एक हळदीचं बोट लावते, एक कुंकवाचं. कुंकवाचं बोट आमच्या घरी आईचंच. तिचं बोट इतकं सुबक उमटायचं की भावकीतल्या लग्नांतही पत्रिका आल्या की तिला बोलावणं यायचं. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. मामाच्या पत्रिकेला तिनं कोपऱ्यांवर दुहेरी बोट लावलं, भरघोस. आपण कशावर बोट लावतोय हे ना तिच्या ध्यानात आलं, ना आमच्या कुणाच्या. कोपरा म्हणजे कोपरा. त्याच्यावर कुंकू लागणार नाही तर काय लागणार? असल्या रेघा कोपऱ्यात छापायच्या नसतात, हे दादाच्या हुशार डोक्यातही आलं नाही, कारण त्यानं पत्रिका कधी बायकांच्या घोळक्यात बसून बघितलीच नव्हती.

मामाची पत्रिका द्यायला आई स्वतः गेली. एवढ्या वर्षांनी वडीगोद्रीच्या रस्त्यावर उतरली तेव्हा तिला भावाचं दुकान ओळखू आलं नाही. मोटारपंपांचं सामान विकायचा तो, हायवेच्या कडेला. भावा-बहिणीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आई परत आली ती खूश होऊन, तिच्या चालण्यातच दिसत होतं. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. नाव कागदावर नाही, रेघांत आहे. येताना जालन्यात उतर, पोराच्या दुकानात जा, डोळ्यानं बघ आणि मग टेंभुर्णीची गाडी धर. मामानं विचार केला म्हणे, आणि म्हणाला, "बघून येतो." हळदीच्या दिवशी पोचणार होता.

हळदीच्या दिवशी आईनं त्याच्यासाठी वेगळी गादी घातली. दुपारची गाडी आली, त्यातून मामा उतरला नाही. पुढचीही आली. माझ्या अंगाला हळद लावत होत्या आणि माझे कान रस्त्याकडं. बायका म्हणत होत्या, नवरी रडते, माहेर तुटतंय तिचं. माहेर कसलं तुटतंय!

लग्नाच्या दिवशी सकाळी आईनं दादाला पिटाळलं, जालन्याला फोन कर, दुकानात विचार. दादा एसटीडीच्या बूथवर जाऊन आला. मी साडी नेसून तयार होते, आई माझ्या मुंडावळ्या बांधत होती. दादा दारात उभा राहिला, आत आला नाही.

"मामा दुकानात आल्ते," तो म्हणाला. "पत्रिका मशीननं वाचलीच न्हाई. रेघांवर कुंकू होतं, आई."

आईचे हात मुंडावळ्यांवर थांबले. तिनं उजवा हात पुढं घेतला आणि आपल्याच बोटाकडं बघत राहिली, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे. मग गाठ मारली. गाठ इतकी घट्ट बसली की माझं कपाळ दिवसभर दुखत होतं.

मंगलाष्टकांच्या आधी गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." सगळा मांडव आमच्याकडं बघायला लागला. काकानं काकूच्या भावाला खूण केली. तो बिचारा चांगला माणूस, पण माझा कोण? त्यानं माझ्या कोपराला धरलं आणि मला अंतरपाटापर्यंत आणलं. अक्षता पडल्या. मला मंगलाष्टकातला एक शब्द आठवत नाही. मला त्या परक्या माणसाचा हात आठवतो.

त्यानंतर आईनं कुंकवाचं बोट कुठल्याच पत्रिकेला लावलं नाही. भावकीतून बोलावणं आलं की म्हणायची, "माझ्या हाताला गुण न्हाई." बायका पत्रिका घेऊन बसल्या की ती उठून जायची, गोठ्यात, मळ्यात, कुठंही. मी माहेरी गेले की रोज एकदा तरी विषय निघायचा. "माझ्या बोटानं मी माझ्या भावाचं नाव झाकलं गं." मी समजूत घालायचे. दादा तिथंच बसलेला असायचा, पेपर वाचत. तोही म्हणायचा, "जाऊ दे ना आई, तुला काय माहीत होतं." किती प्रेमानं म्हणायचा! आईनं मामाला माफीचा निरोपही धाडला, की माझंच चुकलं, कुंकवानं झाकलं, राग धरू नको. तिकडून उत्तर आलं नाही. भाऊबीजेला ती पुन्हा चंद्राकडं जायला लागली.

काही वर्षं गेली. मी अंगणवाडीच्या कामाला लागले होते. एकदा अंबडच्या पुढं एका प्रशिक्षणाला गेल्ते, येताना गाडी वडीगोद्रीला थांबली आणि मी काही ठरवायच्या आत उतरले. मामाच्या दुकानात गेले. तो म्हातारा झाला होता, चष्मा लावून नट-बोल्ट निवडत बसलेला. मी कोण ते सांगावं लागलं नाही. बघितलं आणि म्हणाला, "आईवर गेलीस." मामीनं आतून पाणी आणलं, चहा टाकला. मी चहा हातात घेतला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, एवढ्याशा कुंकवासाठी तू माघारी फिरलास? माझं लग्न होतं रे."

मामानं चष्मा काढला. मग हळूच म्हणाला, "कुंकवासाठी कोण फिरलं? तुलाबी तेच सांगितलं का?"

मग त्यानं सांगितलं. तो दुकानात गेला तेव्हा दादा नव्हता, लग्नाच्या गडबडीत टेंभुर्णीला होता. भागीदार होता. त्यानं पत्रिकेवर मशीन धरलं, काही होईना. भागीदार म्हणाला, कुंकू पुसावं लागेल, आणि ओलं फडकं घेतलं. "मी त्याचा हात धरला. म्हणलं, थांब बाबा. माझ्या बहिणीनं लावलेलं कुंकू हाय, पुसायचं न्हाई. तुझं मशीन चाललं न्हाई तरी चालंल." मग भागीदाराला आठवलं, की दुकानात नमुन्याच्या कोऱ्या पत्रिका पडल्यात. त्यानं त्यातली एक घेतली. तिच्यावर मशीन धरलं आणि टुंग वाजलं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. उघडलं की सगळं. बराबर उघडलं. तुझ्या काकाचा फोटो वर, फेटा बांधलेला. खाली त्याच्या मेव्हण्याचा. मी चष्मा लावून खालवर दोनदा वाचलं. भागीदाराला म्हणलं, अजून कुठं हाय का? तो म्हणला, एवढंच हाय, बाबा. मी पाणी प्यालो आणि अंबडची गाडी धरली."

मी म्हटलं, "मामा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुझा फोटो होता. जत्रेतला."

"आसंल. मी गेलो तवा नव्हता." "मला त्याचं काही न्हाई. तुझ्या काकाकडून मी दुसरी काय आशा धरणार? पण तुझ्या आईचा निरोप आला, कुंकवानं झाकलं म्हणून. मी म्हणलं, घ्या. आता माझी बहीणबी खोटं बोलायला लागली. तवा मला वाईट वाटलं."

मी गाडीत बसले तेव्हा रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, उलटी होतीय का. म्हटलं, नाही हो, भाऊ आठवतोय. ती म्हणाली, दिवाळी जवळ आली ना, आठवणारच.

भाऊबीजेला मी टेंभुर्णीला गेले. दादाही आल्ता. दुकान कधीच बंद पडलं होतं, आता तो मोबाइल विकायचा आणि पैसा बरा होता. संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, दादा टोपी घालून पाटावर बसला. मी ताट घेतलं. आईचा कुंकवाचा पितळी डबा ताटात होता. आई आतल्या खोलीत फराळाचं काढत होती. मी डबा उघडला, बोट बुडवलं आणि माझा हात पुढं जाईना.

दादा म्हणाला, "लाव की. काय झालं?"

"रेघांच्या आतून मामाला कुणी काढलं?" मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. एका क्षणात मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं या प्रश्नाची वाट बघत होता.

"तुला कोण बोललं?"

"ज्यानं बघितलं तो बोलला. कोरी पत्रिका वाचली गेली होती, दादा. उघडलं होतं सगळं."

दादानं आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. काका बस्त्याला जालन्यात आल्ते, दुकानात आले, दाखव म्हणाले. मामाचा फोटो सगळ्यांत वर बघून भडकले. म्हणाले, अंगणात मांडव पायजे का हा फोटो पायजे? आठवडा राह्यला होता लग्नाला. काय करू मी? तुझं लग्न मोडू देऊ? तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी!"

"आणि मी परत टाकणारच होतो, लग्न झाल्यावर. कोण जाऊन बघणार होतं तोवर? दोन मिनिटांचं काम होतं."

"टाकलंस का परत?"

तो पाटाभोवतीची रांगोळी बोटानं खरडायला लागला.

"बरं, ते जाऊ दे. तू काकाला भ्यालास, मी समजू शकते. आपण सगळेच त्याला भ्यायचो. पण आईला कुंकवाचं कशाला सांगितलंस? ती रोज स्वतःला शिव्या घालत बसली आणि तू पेपर वाचत ऐकत बसलास! तुला कधी वाटलं नाही का रे, सांगावं तिला?"

"मी खोटं बोललो न्हाई," दादा म्हणाला. "कुंकू होतंच की."

एवढा निर्लज्जपणा! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याला अजूनही वाटत होतं की या वाक्यानं तो सुटला.

पाठीमागं भांडं वाजलं. आई दारात उभी होती. हातात फराळाचं ताट, त्यातली एक करंजी खाली पडलेली. तिनं किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. ती खाली वाकली, करंजी उचलली, ताट बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, दादाला नाही.

"माझ्या भावाच्या पत्रिकेचं कुंकू पुसलं का त्यांनी?"

"नाही आई. मामानं पुसू दिलं नाही. म्हणाला, बहिणीनं लावलेलं आहे."

तिनं मान हलवली. पदरानं डोळे पुसले. मग उजव्या हाताचं बोट अंगठ्यानं चोळत राहिली, बराच वेळ. दादा पाटावरून अर्धवट उठला, "आई, ऐक..." म्हणाला.

"बस," आई म्हणाली. "ओवाळून घ्यायच्या आधी पाटावरून उठू न्हाई." आवाज चढलेला नव्हता. "पोटच्या पोरानं मला माझ्याच बोटाची लाज लावली. काकाचं मला काय न्हाई. तो परकाच होता."

दादा रडायला लागला. आईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती माझ्याजवळ आली, ताटातला पितळी डबा उचलला, झाकण लावलं आणि कमरेला खोचला.

"वडीगोद्रीची गाडी कधी हाय?"

"आता नाही. सकाळी आहे."

"मंग सकाळी जाऊ." दारापर्यंत जाऊन ती वळली. "त्याला ओवाळू नको असं मी म्हणणार न्हाई. तुझा भाऊ हाय, तू बघ. पण माझ्या डब्यातलं कुंकू त्याला लागणार न्हाई."

ती आत गेली. पिशवीत लुगडं कोंबल्याचा आवाज आला. माझ्या बोटावर आधीच घेतलेलं कुंकू होतं, ते मी ताटाच्या काठाला पुसलं. दादा टोपी सावरून, कपाळ पुढं करून बसला होता, डोळे मिटून. निरांजन जळत होतं. मी ताट उचललं आणि अंगणात आले. कोर अजून मावळली नव्हती. मी घाईघाईनं चंद्राला ओवाळलं.